डावऱ्यांची वखार

सारंग माझे घरमालक होते. हे आधी सांगतो, कारण त्यांना ओळखणारे बहुतेक लोक त्यांना बॉक्सिंगचे गुरू म्हणून ओळखत, आणि माझी त्यांची पहिली ओळख झाली ती नळाच्या पाण्यावरून भांडणारा माणूस म्हणून. दुसरं म्हणजे ते सारंग नव्हते. सारंग हा जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. हे इंजिनाकडचे तेलवाले म्हणून बोटीवर चढले आणि तेलवाले म्हणूनच उतरले. पण जहाजावरून परत आलेल्या माणसाला रत्नागिरीत काहीतरी पदवी द्यावी लागते. ती त्यांना मिळाली आणि त्यांनी ती नाकारली नाही.

मी मूळचा लांज्याजवळच्या एका वाडीतला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पाटबंधारे खात्यात कनिष्ठ लिपिक म्हणून रत्नागिरीला आलो. मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला सारंगांचं चिऱ्याचं घर होतं, त्यातली मागची खोली मला मिळाली. घराखाली, बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर त्यांची एक वखार होती. पूर्वी तिथे जाळी ठेवत. मी पाहिली तेव्हा वाळूने भरलेलं एक पोतं आढ्याला टांगलेलं होतं, जमिनीवर खडूच्या रेघा होत्या आणि दारावर तेलरंगाने लिहिलं होतं, 'फक्त डावऱ्यांसाठी'.

राहायला गेल्यावर चार-पाच दिवसांतली गोष्ट. सारंग ओटीवर बसून सुपारी कातरत होते, मी अंगणात उभा राहून नळाची तक्रार करत होतो. माझं वाक्य अर्धं असताना त्यांनी एक अख्खी सुपारी माझ्या तोंडावर भिरकावली. मी ती झेलली.

"बघ," ते म्हणाले.

"काय बघू?"

"हात बघ मेल्या."

सुपारी माझ्या डाव्या हातात होती.

"मी डावरा नाही हो," मी म्हणालो. "जेवतो उजव्याने, लिहितो उजव्याने."

"ते शिकवलेलं. हे तुझं सोताचं." मग जरा मायेने त्यांनी विचारलं, "आवशीने काय मारलंन? पळी की लाटणं?"

पळी होती. डाव्या हातात पाटीवरची पेन्सिल दिसली की आई बोटांवर पळी मारायची. हे मी पूर्ण विसरलो होतो.

सारंगांचा सिद्धांत असा होता, की कोकणातले निम्मे डावरे उजवे म्हणून जन्म काढतात आणि उजवे म्हणूनच मरतात. निम्मे हा आकडा त्यांनी कुठून आणला ते त्यांनाच माहीत. पण अशी दडपलेली माणसं हुडकण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. रस्त्यात, मासळीच्या लिलावात, एसटी स्टँडवर ते बेसावध माणसांवर वस्तू फेकत. एका लग्नात त्यांनी मंगलाष्टकं संपल्या संपल्या भटजींवर नारळ फेकला असं सांगतात. मी तिथे नव्हतो, त्यामुळे नारळ की नुसती करवंटी याची खात्री देत नाही. भटजींनी तो डाव्या हाताने अडवला, आणि पुढचे कित्येक महिने सारंग त्यांना वखारीत येण्याचा आग्रह करत होते, एवढं मात्र मी स्वतः ऐकलेलं आहे. भटजी बंदराच्या वाटेने जाणं टाळत.

अशा रीतीने जमवलेली पाच पोरं वखारीत होती. एक शिंप्याकडे काजं करणारा, दोन कॉलेजातले, एक एसटीतला क्लीनर आणि मोहन. मी सहावा झालो असतो, पण मला मार खायची आवड नाही हे मी स्पष्ट सांगितलं. तेव्हा माझ्याकडे घड्याळ धरून फेरीची वेळ सांगण्याचं काम आलं. ते मी जवळजवळ तीन वर्षं केलं.

सारंग सगळं डाव्या हाताने करत. चहाची बशी डाव्या हातात धरत आणि निम्मा चहा सदऱ्यावर सांडत. दाढी डाव्या हाताने करत. त्यांच्या हनुवटीवर कागदाचा एखादा कपटा चिकटलेला नाही असा दिवस मला आठवत नाही. जेवणही डाव्या हाताने. त्यावरून पंगतीत कुजबुज व्हायची, आणि काकू, म्हणजे त्यांची बायको, त्यांना पंगतीच्या अगदी टोकाला बसवायच्या.

"ह्यांचं सगळं उलटं," काकू मला म्हणायच्या. "एक देवपूजा तेवढी उजव्या हाताने करतात. ती पण मी समोर उभी राहते म्हणून."

"देवाला चालतो डावा," सारंग आतून ओरडायचे.

"देवाला चालेल. मला चालत नाही."

बॉक्सिंगमधलं त्यांचं मुख्य सूत्र असं, की डावऱ्याने पहिला ठोसा मारायचा नाही. समोरच्याला ते पाव्हणा म्हणत.

"घर आपलं. पाव्हणा आलाय. मग आधी बोलणार कोण? पाव्हणा. आपण वायच थांबायचं. त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं. आणि त्याचं बोलणं तोंडात असतानाच त्याला पाटावरून उठवायचं."

वायच म्हणजे थोडंसं. हा शब्द ते फेरीत इतक्यांदा उच्चारत की मला सेकंद मोजताना त्रास व्हायचा.

यामागचं शास्त्र त्यांनी खडूने जमिनीवर काढलेलं होतं, आणि ते बरोबर होतं. उजवा माणूस डावा पाय पुढे ठेवून उभा राहतो, डावरा उजवा. म्हणजे दोघांचे पुढचे पाय एकमेकांसमोर येतात. डावऱ्याने आपलं उजवं पाऊल समोरच्याच्या डाव्या पावलाच्या बाहेर ठेवायचं. उजव्याचा पहिला ठोसा पुढच्या, म्हणजे डाव्या हाताचा येतो. तो आला की डोकं उजवीकडे काढायचं. ठोसा कानाजवळून जातो, त्याचा दुसरा, जड हात लांब पडतो, आणि आपल्या डाव्या हाताला सरळ वाट मिळते. वर हनुवटी, खाली उजव्या बरगडीखालची कलेजी. कलेजी हा सारंगांचाच शब्द. "तिथे बसला ना, की माणूस पडत नाय. बसतो. आणि का बसलो असा विचार करतो."

या सगळ्याला आधार म्हणून ते एक गोष्ट सांगत. त्यांच्या 'वळखीचा एक तेलवाला' होता, बोटीवरचा सगळ्यात भारी बॉक्सर. कोलंबोच्या बंदरात दुसऱ्या बोटीवरच्या एका डावऱ्या कोळसेवाल्याशी तो तीनदा लढला आणि तीनदा हरला. कोळसेवाल्याने एकदाही आधी हात उचलला नाही. "तवा मला कळलं," सारंग म्हणायचे, "देवाने हाताचे दोन प्रकार केलेनी. एक बोलायचा, एक ऐकायचा."

पुढे नव्वदच्या आसपास ते वारले. वखारीत आता फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांच्याबद्दल विचारलं तर लोक अजून नारळाचीच गोष्ट सांगतात. मला आठवतं ते वेगळं आहे, आणि ते मोहनच्या नोकरीशी निगडित आहे.

मोहन मिरकरवाड्यातल्या मासेमारी करणाऱ्या घरातला. थोरल्या भावाचा ट्रॉलर होता. मोहनला बोट लागायची. किनारा दिसेनासा व्हायच्या आत तो बोटीच्या काठावर ओणवा व्हायचा. औषधं झाली, अंगारे झाले, आलं चघळून झालं. मिरकरवाड्यात याहून थट्टेची गोष्ट नव्हती.

"मोहन्या, कॅलेंडर उलटं लाव रे," बाकीचे म्हणायचे. "ह्या महिन्याला समुद्राचं चित्र हाय."

तो बंदरावर बर्फाच्या लाद्या ओढायचा आणि भावाच्या घरी मान खाली घालून जेवायचा. एका वर्षी भावाच्या बोटीवरचा एक माणूस सोडून गेला. भावाने सांगितलं, नारळी पौर्णिमेनंतर बोट निघेल तेव्हा मोहनने तिच्यावर असलं पाहिजे, नाहीतर या घरातलं जेवण बंद. त्याच सुमारास चिपळूणकडच्या एका नव्या कारखान्याने खेळाडूंच्या काही जागा काढल्याचं कळलं. बॉक्सिंगचीही एक होती. चाचणी आषाढात. म्हणजे मोहनला समुद्र टाळण्याची ही एकच संधी होती, आणि ती सारंगांच्या हातात होती.

सरावासाठी म्हणून शिमग्यानंतर सारंग पाचही पोरांना कोल्हापूरच्या एका तालमीच्या सामन्यांना घेऊन गेले. घड्याळासह मीही गेलो. पाचजण लढले, पाचजण हरले. त्यातले तिघे पहिल्याच फेरीत. येताना एसटीत शिंप्याकडच्या मुलाच्या नाकात कापूस होता.

मला एक सवय आहे. एकच चूक दोनदा दिसली की तिसऱ्यांदा मी तिची वाट बघतो. कोल्हापूरला मी तेच केलं होतं. दुसऱ्या दिवशी ओटीवर गेलो.

"सारंग, आपली सगळी पोरं डावीकडे कलतात."

"कोण म्हणतं? मी उजवीकडे काढलंय. खडूने काढलंय."

"खडू जमिनीवर आहे. पोरं रोज लढतात एकमेकांशी. सगळे डावरे. डावऱ्याचा पुढचा ठोसा उजव्या हाताचा येतो, तो चुकवायला डावीकडेच जावं लागतं. वर्षभर त्यांच्या अंगात तेच गेलंय. काल समोर उजवे होते. आपली पोरं डावीकडे कलली आणि नेमकी त्यांच्या जड हातात गेली. पाचही."

सारंगांनी अडकित्ता खाली ठेवला. "मंजे?"

"म्हणजे आपल्या वखारीत उजवा माणूस कोणी पाहिलेलाच नाही."

ते उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या बाजूच्या नळाचं पाणी बंद झालं. ते सुमारे आठवडाभर बंद होतं. मी खालच्या विहिरीवरून पाणी आणलं आणि विषय काढला नाही, कारण माझं म्हणणं बरोबर होतं हे पाणी बंद होण्यावरूनच कळत होतं.

मग ज्येष्ठात एका संध्याकाळी मोहन आला. मी पडवीत होतो, सारंग चहा घेत होते, काकू तांदूळ निवडत होत्या. मोहन पायरीवरच उभा राहिला.

"सारंग, एक उजवा आणा."

"माझ्या वखारीत उजवा येणार नाय."

"एक महिना. चाचणी होईपर्यंत."

"दारावर काय लिवलंय ते वाच."

"वाचलंय. मग मी जातो बोटीवर. ओकून ओकून मेलो की तुम्हीच खांदा द्यायला या. डावा."

मला हसू आलं, पण मोहनचे डोळे भरलेले होते. सारंग बशीकडे बघत राहिले. काकूंनी सूप खाली ठेवलं.

"उजवा बाहेरून कशाला आणायला हवा?" त्या म्हणाल्या. "घरात बसलाय तो."

मला वाटलं, त्या माझ्याबद्दल बोलतायत.

"लग्न झालं तेव्हा चांगले उजव्या हाताने जेवत होते," काकू म्हणाल्या. "कोलंबोवरून आले ते असे आले. तो हरलेला तेलवाला कोण, हे पंचवीस वर्षांत मी कोणाला सांगितलं नाही. पण आता पोराचं जेवण बंद व्हायची वेळ आली. आता पुरे झालं."

सारंगांनी बशी खाली ठेवली. चहा सांडला नाही, हे मी पाहिलं. ते कोणाकडे न बघता म्हणाले, "जो हात हरला तो परत काढायचा नाय, असं ठरवलं होतं मी." आणि मग मोहनला, "सकाळी ये."

सकाळी सारंग वखारीत आले, हातमोजे घातले आणि डावा पाय पुढे टाकून उभे राहिले. तीन वर्षं मी या माणसाला बशी सांडताना, कुलपात किल्ली चुकीची घालताना, स्वतःच्या हनुवटीला कापताना पाहिलं होतं. हा माणूस वेगळा होता. खांदे सैल, हनुवटी खाली, पावलं जमिनीला चिकटून. त्यांचा डावा हात लहानसा पुढे आला, मोहन सवयीने डावीकडे कलला, आणि सारंगांच्या उजव्या हाताने त्याला वाळूच्या पोत्यावर नेऊन टेकवलं. वय साठीच्या घरात होतं. मला घड्याळ बघायचं भान राहिलं नाही. ती फेरी किती वेळ चालली ते मी सांगू शकत नाही.

पुढचा महिना रोज हेच चाललं. आधी बरेच दिवस मोहन डावीकडे कलायचा आणि मार खायचा. मग तो कुठेच न कलता मार खायला लागला. मग उजवीकडे कलायला लागला, पण परत ठोसा मारायचा नाही. म्हाताऱ्या माणसाला मारायला त्याचा हात उचलेना.

"मार मेल्या! मी काय तुझा सासरा हाय?"

"लागेल हो सारंग."

"लागायलाच हवा. नाय लागला तर तुला बोट लागेल."

एका पावसाळी सकाळी सारंगांचा डावा हात आला, मोहनचं डोकं उजवीकडे गेलं, पाऊल बाहेर पडलं आणि त्याचा डावा हात सारंगांच्या उजव्या बरगडीखाली गेला. सारंग पडले नाहीत. बसले. बराच वेळ त्यांना बोलता येईना. मोहन रडकुंडीला आला. शेवटी सारंगांनी हाताने त्याला गप्प केलं आणि म्हणाले, "आलं. आता आलं." काकूंनी रात्री विटेने शेकताना त्यांना काय काय ऐकवलं ते भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चाचणीला आम्ही तिघे गेलो. कारखान्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये दोऱ्या बांधून आखाडा केला होता. निवड करणारे लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. मोहनसमोर कारखान्याचाच एक खेळाडू होता, साताऱ्याकडचा, उजवा, अंगाने मोठा. वखारीच्या बाहेर सारंग नेहमीप्रमाणे डावरे होते. कोपऱ्यात ते पाण्याची बाटली डाव्या हातात धरून उभे राहिले आणि निम्मं पाणी मोहनच्या पाठीवर सांडलं.

पहिल्या फेरीत मोहन घाबरून नुसता मागे सरकत होता. ती फेरी साताऱ्याच्या मुलाची. दुसऱ्या फेरीत सारंगांनी काढलेली खडूची रेघ पहिल्यांदा खरी होताना मी पाहिली. डावा ठोसा आला, मोहन उजवीकडे, पाऊल बाहेर, आणि त्याचा डावा हात सरळ हनुवटीवर. पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा खाली, बरगडीखाली. साताऱ्याचा मुलगा बसला आणि आपण का बसलो याचा विचार करायला लागला. पंचांनी आठपर्यंत मोजलं तेव्हा तो उठला. ती फेरी मोहनची, याबद्दल वाद नव्हता.

तिसऱ्या फेरीत साताऱ्याचा मुलगा शहाणा झाला. तो पुढे आलाच नाही. हात वर करून मध्यभागी उभा राहिला. मोहनही थांबला. दोघे एकमेकांभोवती फिरत राहिले. शेडमधले कामगार शिट्ट्या वाजवायला लागले. पंचांनी मोहनला दोनदा बजावलं, लढा. मोहनने कोपऱ्याकडे पाहिलं. मीही सारंगांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं होतं, पण त्यातून शब्द येत नव्हता. पाव्हणाच गप्प बसला तर काय करायचं, हे त्यांनी कोणालाच शिकवलेलं नव्हतं. कारण दोघेही गप्प बसलेले त्यांना कोलंबोत कधी दिसलेच नव्हते. तिथे गप्प बसणारा समोरचा होता आणि हे बोलणारे होते.

शेवटी मोहन न राहवून पुढे गेला, आडवातिडवा हात फिरवला आणि दोन ठोसे खाल्ले. माझ्या हिशेबाने पहिली फेरी साताऱ्याच्या मुलाची, दुसरी आपली आणि तिसरीही त्याचीच, थोडक्यात. पंचांचा हिशेबही तोच निघाला. मोहन हरला.

आम्ही सामान आवरत असताना सुभेदार आले.

"ह्या पोराला कोणी शिकवलं?"

मी सारंगांकडे बोट दाखवलं.

"पहिला हात उचलत नाही, ही खोड आहे," सुभेदार म्हणाले. "पण आमच्याकडे सगळे उजवे. बाहेर सामन्याला गेलो की एखादा डावरा येतो आणि आमच्या पोरांची तारांबळ उडते. सरावाला रोज समोर उभा राहील असा डावरा मला हवाच आहे. नाव लिहून द्या त्याचं. पहिल्या तारखेपासून यायचं. दिवसा गोदामात काम, संध्याकाळी सराव."

चिपळूण स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही चहाला बसलो. बाहेर पाऊस होता. मोहनचा एक डोळा मिटत आला होता आणि तो दुसऱ्या डोळ्याने हसत होता. त्याने दोन प्लेट भजी संपवली. सारंगांनी चहाला हात लावला नव्हता.

"खेळाडू म्हणून नाय घेतलनी तुला," ते म्हणाले. "कळतंय ना? रोज त्यांच्या पोरांसमोर उभं करणार. ती शिकणार, आणि तू मार खाणार."

"कळतंय सारंग."

"आयुष्यभर मार खाणार."

"खातो की," मोहन म्हणाला आणि त्याने तिसरी प्लेट सांगितली. "जमिनीवर खातोय ना."